‘परग्रहावर जीव सापडला’ अशी बातमी आली की ती कशी तपासायची? सगळ्या पायऱ्या, उदाहरणांसकट

१७ एप्रिल २०२५. नववीचा पेपर होता, आणि पेपरच्या आधी व्हरांड्यातच पोरांनी मला घेरलं, मॅडम, एलियन सापडले ना खरंच? सकाळपासून माझ्याही फोनवर तीच बातमी चार-पाच ग्रुपवरून येऊन पडली होती, १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीचा पुरावा मिळाला, आणि खरं सांगते, मलाही छातीत धडधडलं होतं. मग जूनमध्ये शाळा उघडली, तीच पोरं आता दहावीत, आणि त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम ते सगळं खोटं निघालं म्हणे, शास्त्रज्ञ रोज काहीपण सांगतात." हे वाक्य मला फार लागलं, कारण एप्रिलमधलं "सापडले" पण चूक होतं आणि जूनमधलं "खोटं निघालं" पण चूकच होतं. मधे खरं काय घडलं ते त्याच्यापर्यंत कोणी पोचवलंच नव्हतं.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, विज्ञान शिकवते आणि हिवाळ्यात आकाशदर्शन घेते, पण खालच्या पायऱ्या वापरून कोणीही अर्ध्या-पाऊण तासात अशी बातमी बऱ्यापैकी चाळून घेऊ शकतो. कागद-पेन घेऊन बसा, खरंच उपयोग होतो.

पायरी १: दावा एका वाक्यात लिहून काढा

फॉरवर्ड कितीही लांब असलं तरी त्यातून तीन गोष्टी शोधायच्या. कुठे सापडलं, कशाने मोजलं आणि नेमका कुठला पदार्थ किंवा सिग्नल मिळाला. एप्रिलच्या बातमीतून असं वाक्य निघतं: के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात जेम्स वेब दुर्बिणीने डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूच्या खुणा पाहिल्या असं केंब्रिज विद्यापीठाच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमचं म्हणणं आहे. आता हे वाक्य आणि "एलियन सापडले" शेजारी शेजारी ठेवून वाचा, किती अंतर आहे ते लगेच दिसतं.

तीनपैकी एकही गोष्ट सापडली नाही, नुसतंच "नासाने अखेर मान्य केलं", "जगभरात खळबळ" असं असेल तर पुढे तपासायला काही उरतच नाही, तिथेच थांबा. सप्टेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या संसदेत पेटीतून आणून दाखवलेल्या त्या तीन बोटांच्या ममी आठवतात? तिथे स्वतंत्र शास्त्रज्ञांनी तपासलेला पुरावा असा समोर आलाच नव्हता, होते ते फोटो आणि भाषणं. तसंच २०२५ मध्ये ३आय/ॲटलस या धूमकेतूचं. तो १ जुलैला चिलीमधल्या दुर्बिणीतून दिसला, सूर्यमालेच्या बाहेरून आलाय हे अगदी खरं, आणि त्याच्याभोवती वायू-धुळीचं आवरण, म्हणजे कोमा, आहे हे कितीतरी दुर्बिणींनी पाहिलं, पण आपल्याकडे जास्त फिरले ते त्याला यान म्हणणारे, एआयने बनवलेले व्हिडिओ. फोटो किंवा व्हिडिओवर शंका आली तर त्याचा स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाका, तेच चित्र आधी कुठे आलं होतं ते बरेचदा दोन मिनिटांत कळतं.

पायरी २: मराठी शब्दांपाशी थांबा

आपल्याकडे बरीच गडबड भाषांतरात होते. "मंगळावर सेंद्रिय पदार्थ सापडले" अशी हेडलाइन आली की आपल्या डोळ्यापुढे काय येतं, सेंद्रिय शेती, शेणखत, गांडूळ. म्हणजे काहीतरी जिवंत. पण रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे साधारणपणे कार्बन-हायड्रोजनचे रेणू, बस एवढंच, आणि ते उल्केत असतात, धूमकेतूत असतात, दोन ताऱ्यांच्या मधल्या वायूच्या ढगात सुद्धा असतात, तिथे कोणी जिवंत असायची काही गरज नाही.

"राहण्यायोग्य पट्टा" याचाही तसाच घोळ. ताऱ्यापासून एवढ्या अंतरावर ग्रह असेल तर आणि त्याला योग्य वातावरण असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. तिथे पाणी आहे असा नाही, जमीन आहे असा तर मुळीच नाही. के२-१८बी अशाच पट्ट्यात आहे, पण त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पटींहून जास्त आणि त्रिज्या अडीच पटींहून जास्त. तो हायड्रोजनच्या थराखाली समुद्र असलेला ग्रह आहे की नेपच्यूनचा धाकटा भाऊ, यावरच एकमत नाही. आणि बातमीबरोबर जे निळंशार गोल चित्र येतं ते चित्रकाराने काढलेलं असतं. या ग्रहाचा फोटो कोणाकडेच नाही.

एका शब्दाने किती वर्षं घालवली याचं मोठं उदाहरण मंगळाचं. १८७७ मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना "कनाली" म्हटलं. या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक खाचा असाही होतो, इंग्रजीत मात्र त्याचे कालवे झाले. आता कालवे म्हटले की ते खोदणारं कोणीतरी आलंच! अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी ॲरिझोनात वेधशाळा बांधून त्या कालव्यांचे नकाशेच्या नकाशे काढले. १९०३ मध्ये ग्रीनिच वेधशाळेतल्या माँडर यांनी शाळकरी मुलांना लांबून ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र दाखवून ते काढायला सांगितलं तर मुलांनी ठिपके जोडून सरळ रेषा काढल्या, म्हणजे कालवे आपल्या डोळ्यांतच होते. तरी हा विषय पूर्ण मिटायला १९६५ उजाडलं, मरिनर ४ यानाने जवळून फोटो काढले आणि त्यात निघाली विवरं.

तेव्हा हेडलाइनमधला प्रत्येक मोठा शब्द मूळ इंग्रजी बातमीत काय होता ते बघा. मूळात "शक्यता", "संभाव्य", "संकेत" असतं आणि मराठीत येईपर्यंत ते गळून पडतं.

पायरी ३: मूळ पेपरपर्यंत, म्हणजे शोधनिबंधापर्यंत, जा

हे वाटतं तेवढं अवघड नाहीये. ग्रहाचं नाव, पदार्थाचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. आधी विद्यापीठाचं प्रसिद्धीपत्रक सापडेल, त्याच्या तळाशी जर्नलचं, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाचं, नाव असतं, आणि खगोलशास्त्रातले बहुतेक पेपर आर्काइव्ह (arXiv) नावाच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात. सगळा पेपर वाचायची गरज नाही. पहिला सारांश आणि शेवटचा निष्कर्षाचा भाग, एवढंच वाचा, आणि त्यात आमचं म्हणणं कुठे चुकू शकतं हे लेखकांनी लिहिलंय का ते शोधा. प्रामाणिक पेपरमध्ये हा भाग असतोच. के२-१८बी च्या वेळी खुद्द केंब्रिजच्या प्रसिद्धीपत्रकातच होतं की आम्हाला आणखी १६ ते २४ तास जेम्स वेबचा वेळ मिळाला तर खात्रीच्या पातळीपर्यंत जाता येईल. ज्यांनी शोध लावला तेच म्हणत होते की अजून खात्री नाही, आणि हे माझ्याकडे आलेल्या एकाही फॉरवर्डमध्ये नव्हतं.

जर्नल कुठलं आहे तेही बघा. २०१३ मध्ये श्रीलंकेतल्या पोलोन्नारुवाजवळ पडलेल्या दगडात डायॅटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, सापडल्याचा दावा जर्नल ऑफ कॉस्मॉलॉजीमध्ये आला होता, पण तो दगड आकाशातून पडलेली उल्का होता हेच धड सिद्ध झालेलं नव्हतं. अर्थात चांगल्या जर्नलमध्ये आलं म्हणजे खरंच असंही नसतं हं. तज्ज्ञांनी छापायच्या आधी तपासलं म्हणजे पद्धत ठीक वाटली इतकंच, निष्कर्षावर कोणी शिक्का मारलेला नसतो.

पायरी ४: नेमकं काय मोजलं, त्याची साखळी काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. कागदावर वर "मोजलं" लिहा, खाली "म्हणतात" लिहा आणि मधल्या सगळ्या कड्या भरा.

के२-१८बी चं बघा. तो सिंह राशीतल्या एका लहान लाल ताऱ्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी मारतो. फेरीत तो ताऱ्याच्या समोरून, म्हणजे आपल्या आणि ताऱ्याच्या मधून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश साधारण ०.३ टक्के कमी होतो. बल्बसमोरून डास गेल्यासारखं समजा. आता ग्रहाला वातावरण असेल तर ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्या वातावरणातून गाळून येतो आणि प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश खातो, त्यामुळे काही रंगांत ग्रह किंचित मोठा वाटतो. हा किंचित फरक किती? प्रकाशाच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे जेम्स वेबने वायू "पाहिला" नाही, वेगवेगळ्या रंगांतल्या अंधुकपणाचे आकडे घेतले, त्या आकड्यांचा एक आलेख झाला, त्यावर चढउतार दिसले.

मग पुढची कडी, हे चढउतार कुठल्या वायूंच्या मिश्रणातून येतील याचं कॉम्प्युटरवर मॉडेल. पुढची कडी, त्यात डायमिथाइल सल्फाइड घातलं तर मॉडेल जास्त चांगलं जुळतं. पुढची कडी, तो वायू इतक्या प्रमाणात तिथे आहे. आणि शेवटची, पृथ्वीवर हा वायू समुद्रातले सूक्ष्म जीव करतात तर तिथेही तसंच काहीतरी असेल. एकूण पाच-सहा कड्या. एक जरी सैल असली तरी शेवटचं वाक्य उभं राहत नाही, पण पहिली कडी मात्र तशीच राहते. मोजमाप खोटं नसतं. माझ्या त्या दहावीच्या मुलाला मी हीच साखळी फळ्यावर काढून दाखवली आणि विचारलं, यातलं कुठलं खोटं निघालं सांग? तो बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, खोटं काहीच नाही, चौथी कडी कच्ची आहे." मला त्या दिवशी शिकवल्याचं समाधान मिळालं.

याच ग्रहाचा जुना अनुभव पण आहे. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या आकड्यांवरून इथे पाण्याची वाफ आहे अशी जगभर बातमी झाली होती. २०२३ मध्ये जेम्स वेबने जास्त रंगांत बघितलं तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसले, आणि हबलला जो खड्डा पाण्याचा वाटला होता तो मिथेनचा असल्याचं लक्षात आलं. त्या रंगांत पाणी आणि मिथेन जवळजवळ सारखेच दिसतात.

पायरी ५: सिग्मा म्हणजे काय ते समजून घ्या

अशा बातम्यांत "९९.७ टक्के खात्री" असं येतं. एप्रिलला पण आलं होतं. ते येतं "तीन सिग्मा" या शब्दावरून आणि त्याचा अर्थ जवळजवळ सगळीकडे उलटा छापला गेला. तीन सिग्मा म्हणजे, तिथे हा वायू नसताना सुद्धा नुसत्या योगायोगाने असे आकडे येण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. जीव असण्याची शक्यता ९९.७ टक्के असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही, अहो तो वायू असण्याची शक्यता ९९.७ टक्के असाही होत नाही, कारण तिसराच एखादा वायू असू शकतो ना.

आणि ०.३ टक्के म्हणजे साधारण ३७० मध्ये एकदा. ऐकायला कमी वाटतं, पण तुम्ही जर वीस वेगवेगळे वायू, दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी शोधत असाल तर कुठेतरी एकदा असं जुळून यायला वेळ लागत नाही. म्हणून भौतिकशास्त्रात शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा मागतात, म्हणजे योगायोगाची शक्यता लाखोंमध्ये एक.

पुढे झालं पण तसंच. ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने तेच आकडे घेऊन साधा प्रश्न विचारला की यात चढउतार आहेत तरी का, आणि त्याला सरळ सपाट रेषासुद्धा चालून गेली. दुसऱ्या टीमने मूळच्या २० ऐवजी ९० रसायनं घालून बघितली तर ५० हून जास्त रसायनं "जुळली". शिकागोच्या टीमने जेम्स वेबचे सगळे जुने-नवे आकडे एकत्र घेतले आणि ठोस असं काही हाती लागलं नाही. याला खोटं पडणं म्हणत नाहीत, याला तपासणी म्हणतात, आणि ती दोन-तीन महिन्यांत झाली ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पायरी ६: यंत्र आणि हिशोब कुठे फसवू शकतो ते विचारा

सप्टेंबर २०२० ला शुक्राच्या ढगांत फॉस्फिन, म्हणजे पृथ्वीवर जीवाशी जोडला जाणारा एक वायू, सापडल्याची बातमी आली. कार्डिफच्या जेन ग्रीव्ह्ज यांची टीम, हवाई आणि चिलीमधल्या रेडिओ दुर्बिणी, नेचर ॲस्ट्रॉनॉमीमध्ये पेपर, म्हणजे सगळं अगदी व्यवस्थित. प्रमाण अब्जात २० भाग. पण त्या सिग्नलवर दुर्बिणीच्या स्वतःच्याच लाटा बसलेल्या होत्या, त्या काढून टाकायला त्यांनी १२ व्या कोटीची बहुपदी वापरली. नववीचं गणित आठवा, कोटी जितकी जास्त तितका वक्र जास्त वळवळतो. १२ व्या कोटीचा वक्र कुठल्याही लाटेला चिकटून जातो आणि मधे खोटा खड्डाही तयार करू शकतो. दुसऱ्या संशोधकांनी त्याच पद्धतीने शेजारचा भाग तपासला तर जिथे फॉस्फिनचा काही संबंध नाही तिथेही तशाच रेषा उमटल्या. वरून चिलीच्या दुर्बिणीच्या कॅलिब्रेशनमध्ये चूक निघाली, आकडे परत काढले, आणि २० चे १ ते ४ च्या आसपास आले. पुढे विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीला काहीच दिसलं नाही. तरी त्या टीमने हार मानलेली नाही, त्या अजून निरीक्षणं घेतायत, वाद चालू आहे आणि चालूच राहावा.

रेडिओ सिग्नलच्या बाबतीत तर आधी आपल्याच घरात बघायचं. ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं अधूनमधून एक विचित्र कडक सिग्नल यायचा, २०१५ मध्ये कळलं की कोणीतरी जेवण गरम करताना वेळ संपायच्या आधीच मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. त्याच दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी ताऱ्याच्या दिशेने एक सिग्नल मिळाला, त्याची खूप चर्चा झाली, २०२१ मध्ये तपासणीअंती तो सुद्धा माणसांच्याच उपकरणांचा निघाला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला जाल तेव्हा मोबाईल बंद करा म्हणतात तो याचसाठी, ऐका त्यांचं.

पायरी ७: जीव नसताना हे होऊ शकतं का?

डायमिथाइल सल्फाइडचा वास तुम्ही घेतलेला आहे. समुद्रावर गेल्यावर जो खारट-उग्र वास येतो ना, त्यात त्याचा मोठा वाटा असतो, प्लवक नावाच्या सूक्ष्म जिवांमुळे तो तयार होतो. पृथ्वीवर त्याचा दुसरा मोठा स्रोत नाही म्हणून तो जीवाची खूण मानला गेला. पण २०२४ मध्ये ६७पी धूमकेतूच्या, रोझेटा यानाने घेतलेल्या जुन्या आकड्यांत तोच वायू सापडला, आणि धूमकेतूवर कुठलं आलंय प्लवक! त्याच सुमाराला प्रयोगशाळेत मिथेनसारख्या वायूंवर अतिनील प्रकाश टाकून पण तो तयार करून दाखवला. शिवाय के२-१८बी वर सांगितलेलं प्रमाण पृथ्वीच्या हजारो पट होतं.

तेव्हा पेपर वाचताना एकच शोधा, जीव सोडून बाकीची कारणं त्यांनी किती कसून तपासली. १९९६ मधलं एएलएच८४००१ या उल्केचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. १९८४ मध्ये अंटार्क्टिकात बर्फावर सापडलेला, दोन किलोच्या आतला मंगळाचा दगड. ७ ऑगस्ट १९९६ ला नासाने पत्रकार परिषद घेतली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन स्वतः बोलले, आणि अळीसारख्या आकाराचा तो फोटो जगभर छापला गेला. पुरावे चार होते, कार्बोनेटचे गोळे, सेंद्रिय रेणू, मॅग्नेटाइटचे स्फटिक आणि ते आकार. पुढच्या काही वर्षांत प्रत्येकाचं निर्जीव स्पष्टीकरण सापडत गेलं, आणि ते आकार तर जिवाणूच्या मानाने फारच बारके होते, आत पेशीचं यंत्र मावायला जागाच नाही. चार कच्चे पुरावे एकत्र बांधले तरी एक पक्का पुरावा होत नाही. पण त्या दगडाने एक मोठं काम केलं, त्याच्यामुळे खगोल-जीवशास्त्राला पैसा आणि माणसं मिळाली आणि पुरावा म्हणजे काय यावर लोक गांभीर्याने बोलायला लागले.

पायरी ८: हे आपलंच तर नाही ना?

केरळचा लाल पाऊस, २०० वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे, २००१ ची. जुलै ते सप्टेंबर, कोट्टयमच्या भागात कपडे लाल होतील असा पाऊस. गॉडफ्री लुईस आणि संतोष कुमार या तिथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे मांडलं की हे कण धूमकेतूच्या तुकड्यातून आलेले परग्रहावरचे जीव असू शकतात, आणि तो पेपर २००६ मध्ये छापूनही आला. मात्र २००१ च्या नोव्हेंबरमध्येच सरकारी अहवाल आलेला होता. त्यांनी ते कण प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यातून उगवलं ट्रेन्टेपोहलिया नावाचं शैवाल. पुढे डीएनए तपासणीतही तेच निघालं. कोकणात, घाटात पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर आणि जुन्या भिंतींवर शेंदरी मखमलीसारखा थर दिसतो ना, तो बरेचदा ट्रेन्टेपोहलियाचाच असतो. बोटाने खरवडून बघा, हाताला नारिंगी लागतं.

आता याच्या शेजारी नारळीकर सरांचा प्रयोग ठेवते, कारण काळजी कशी घ्यायची ते त्यातून शिकता येतं. हैदराबादहून मोठे बलून सोडून, २००१ ला आणि परत २००५ ला, ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने त्यांच्या टीमने गोळा केले. निर्जंतुक केलेल्या स्टीलच्या नळ्या, शिवाय तुलनेसाठी न उघडलेली नळी, नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांत. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभट्टाचं नाव दिलं. नारळीकर सरांना जीव बाहेरून आला असावा या कल्पनेत मनापासून रस होता, तरीही २००९ ला इस्रोने जाहीर करताना स्पष्ट सांगितलं की यावरून ते बाहेरून आले हे सिद्ध होत नाही. आणि बरं झालं, कारण आर्यभट्टाच्या नावाचा तो जिवाणू पुढे शेतातल्या मातीतही सापडला. आपल्याला जे खरं व्हावंसं वाटतं तिथेच हात आखडता घेणं, ही सवय मला मुलांना लावायची आहे.

पायरी ९: तारीख लिहा आणि वाट बघा

मी एक वही ठेवलीय. दावा, तारीख, आणि सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी परत बघायची आठवण. डिसेंबर २०१० ला कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरात फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरणारा जिवाणू सापडला, परग्रहावरच्या जीवांच्या शोधाची दिशाच बदलणार असं नासाने जाहीर केलं होतं. २०१२ मध्ये दोन पेपर आले की असं होत नाही. आणि जर्नलने तो मूळ पेपर मागे घेतला कधी, तर जुलै २०२५ ला, तेही लेखकांना मान्य नसताना.

वहीत प्रत्येक दाव्यापुढे मी आकडा पण टाकते. २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी नेचरमध्ये जीव सापडल्याच्या दाव्याची खात्री मोजणारी सात पायऱ्यांची कोल्ड (CoLD) स्केल सुचवली. संकेत मिळाला की १, मळ-दूषण नाही याची खात्री झाली की २, तिथल्या परिस्थितीत जीव असं करू शकतो हे दिसलं की ३, निर्जीव कारणं बाद झाली की ४, दुसरा स्वतंत्र संकेत मिळाला की ५, आणि शेवटच्या दोन पायऱ्या नव्या स्वतंत्र निरीक्षणांच्या. के२-१८बी ला मी १ दिलाय, तो पण पेन्सिलने. आजवर ७ ला कोणी पोचलेलं नाही.

आणि आत्ता माझ्या वहीत सगळ्यात आशेचं पान मंगळाचं आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जेझेरो विवराजवळच्या एका कोरड्या नदीपात्रात चेयावा फॉल्स नावाचा दगड मिळाला, त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके, ठिपक्यांच्या कडेला लोह-फॉस्फेट आणि लोह-सल्फाइडची खनिजं, सोबत सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर चिखलात जिवाणू असं करतात. सप्टेंबर २०२५ ला नेचरमध्ये पेपर आला आणि त्यांनी शब्द वापरला "संभाव्य" जैवखूण, निर्जीव रसायनातून हे कसं होऊ शकेल तेही त्यांनीच सविस्तर लिहिलं. तो पेपर मी दोनदा वाचला. असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो.

पायरी १०: ग्रुपवर काय लिहायचं

काका-मामांना सगळ्यांसमोर "हे फेक आहे" म्हणून खाली पाहायला लावू नका, पुढच्या वेळी ते पाठवणारच नाहीत आणि तुम्हाला सांगायची संधीच मिळणार नाही. मी साधारण असं लिहिते, हवं तर उचला:

"काका, बातमी मस्त आहे, मी मूळ पेपर बघितला. दुर्बिणीने एका वायूचा अंधुक संकेत पाहिलाय, जीव नाही पाहिला. तो वायू धूमकेतूवर जीव नसतानाही सापडलाय आणि दुसऱ्या टीमना तोच संकेत मिळाला नाही. अजून निरीक्षणं चालू आहेत, काही नवीन कळलं की मीच तुम्हाला पाठवते."

आणि शेवटचं वाक्य पाळा. मी चेयावा फॉल्सच्या पानापुढे तारीख रिकामी ठेवलीय. त्या दगडातून ड्रिल करून काढलेला नमुना, सॅफायर कॅनियन त्याचं नाव, एका सीलबंद नळीत अजून मंगळावरच आहे आणि तो पृथ्वीवर कधी येणार ते ठरलेलं नाही. वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतंच, मॅडम ती नळी आली का?